मनाचे बचाव आणि त्यांची मुदत

हृदयविकाराचा झटका येऊन अतिदक्षता विभागात पोचलेला एखादा गृहस्थ छातीला वायरी लावलेल्या असतानाही सांगतो, "काही नाही हो, रात्रीचं जेवण जरा जड झालं." मानसशास्त्रात याला नकार म्हणतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये टॉमस हॅकेट आणि नेड कॅसम या मनोविकारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात अशा रुग्णांचा अभ्यास सुरू केला. पुढे हा नकार मोजण्याची एक श्रेणीही त्यांनी तयार केली. अमेरिकेतच १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने अशा रुग्णांचा माग घरापर्यंत काढला. आजार ठामपणे नाकारणाऱ्यांना अतिदक्षता विभागात तुलनेने कमी दिवस राहावे लागले आणि तिथे असेपर्यंत त्यांच्या हृदयाच्या कामात बिघाडही कमी दिसला. घरी गेल्यावरच्या वर्षात मात्र पारडे फिरले. हीच मंडळी औषध-पथ्यात कुचराई करत होती आणि पुन्हा इस्पितळात काढलेले दिवस त्यांचेच जास्त भरले.

ज्या नकाराने पहिल्या आठवड्यात सांभाळले, त्यानेच पुढच्या वर्षात घात केला. मनाच्या संरक्षण यंत्रणांवर गेली सव्वाशे वर्षे जे लिहिले गेले, त्यातला बराच भाग कोणती यंत्रणा चांगली आणि कोणती वाईट हे ठरवण्यात खर्ची पडला आहे. त्या सगळ्यावरून नजर फिरवली, तर अधिक उपयोगी प्रश्न दुसराच दिसतो. बचाव किती काळ चालला आणि त्याचा खर्च कुणी सोसला?

यादी कशी तयार झाली

ही कल्पना सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ साली एका लेखात मांडली. व्हिएन्नात त्यांच्याकडे येणाऱ्या काही रुग्णांचे हातपाय चालत नसत, काहींची वाचा गेलेली असे, आणि तपासणीत शरीरात काहीच दोष सापडत नसे. असह्य विचार मनाबाहेर ढकलला जातो, पण त्याला जोडलेली भावना मागे उरते आणि शरीराच्या तक्रारीत उतरते किंवा भलत्याच विचाराला चिकटते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे बराच काळ ते या साऱ्याला दमन म्हणत राहिले. १९२६ साली त्यांनी मांडणी बदलली. चिंता हा धोक्याचा इशारा आहे, तो मिळताच मन बचावाला लागते, आणि दमन हा अनेक बचावांपैकी फक्त एक आहे, असे ते म्हणू लागले.

त्या 'अनेकां'ची व्यवस्थित मोजदाद त्यांची धाकटी मुलगी ॲना फ्रॉइड यांनी केली. त्यांचे संरक्षण यंत्रणांवरचे पुस्तक १९३६ साली, वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या सुमारास आले. ॲना मूळच्या शाळेतल्या शिक्षिका, त्यामुळे त्यांची उदाहरणे मुलांच्या जगातली आहेत. त्यातली एक मुलगी अंधाऱ्या दिवाणखान्यातून जायला भुताच्या भीतीने घाबरत असे. मग ती चमत्कारिक हातवारे करत तिथून पळू लागली, आणि धाकट्या भावाला तिने युक्ती सांगितली की आपणच भूत आहोत असे समजायचे, मग भीती वाटत नाही. ज्याची भीती त्याचेच रूप घेणे, या बचावाला ॲना यांनी आक्रमकाशी तादात्म्य म्हटले. ज्या सुनेने सासुरवास भोगला, तीच पुढे सासू होऊन तसेच वागते, हे पाहणाऱ्याला या संज्ञेची ओळख करून द्यावी लागत नाही.

याच काळात कलकत्त्यात एक स्वतंत्र विचार चालू होता. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२१ साली दमनाच्या संकल्पनेवर प्रबंध लिहून कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, पुस्तक फ्रॉइडना पाठवले आणि १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. दोघांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला, भेट मात्र कधी झाली नाही. बोस यांच्या मते प्रत्येक इच्छेच्या पाठीशी तिची विरोधी इच्छा उभी असते. मारण्याच्या इच्छेमागे मार खाण्याची, सोडून जाण्याच्या इच्छेमागे सोडले जाण्याची. दमन होते ते या जोडीतल्या एकीचे. बाहेरच्या धाकापेक्षा आतल्या विरोधावर भर देणारी ही मांडणी फ्रॉइडच्या शिष्यत्वात न मावणारी होती, आणि बोस यांनी ती सोडली नाही.

यादीतल्या पुष्कळशा गोष्टी आपल्या म्हणींना आधीपासून ठाऊक आहेत. साहेबाने झापलेला माणूस घरी येऊन मुलाला बदडतो, ते विस्थापन म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर. न मिळालेल्या नोकरीत तसाही दम नव्हता म्हणणे, ते समर्थन म्हणजे कोल्ह्याला द्राक्षे आंबट. स्वतःच्या मनातला संशय दुसऱ्याच्या डोळ्यांत दिसणे, ते प्रक्षेपण म्हणजे चोराच्या मनात चांदणे. धाकटे भावंड आल्यावर पाच वर्षांच्या मुलाने पुन्हा बाटलीने दूध मागणे हे परागमन. जिच्याबद्दल मनात अढी आहे त्या जावेशी जरुरीपेक्षा जास्त गोड बोलणे ही प्रतिक्रिया निर्मिती. आणि दुःखाचे गाण्यात, रागाचे व्यंगचित्रात रूपांतर करणे हे उदात्तीकरण.

पायऱ्यांची मांडणी

ही यादी सपाट होती. तिला चढउतार दिला तो जॉर्ज व्हेलंट या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली २६८ तरुण विद्यार्थ्यांचा आयुष्यभराचा अभ्यास सुरू झाला होता. युद्ध, लग्ने, घटस्फोट, बढत्या, आजार, सारे नोंदवले जात होते. व्हेलंट १९६०च्या दशकात त्या कामात शिरले आणि ही माणसे संकटात नेमके काय करतात, याकडे त्यांनी लक्ष दिले. १९७७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात बचावांच्या चार पायऱ्या आहेत. सर्वात खाली वास्तवच पुसून टाकणारे बचाव. त्यावर अपरिपक्व, म्हणजे दुसऱ्यावर ढकलणे, दिवास्वप्नांत रमणे, आतल्या आत धुमसत अडवणूक करणे. त्यानंतर मध्यम, म्हणजे दमन, विस्थापन, प्रतिक्रिया निर्मिती. सर्वात वर परिपक्व बचाव, त्यात परोपकार, विनोद, उदात्तीकरण, पूर्वतयारी, आणि एखादी गोष्ट जाणूनबुजून तात्पुरती बाजूला ठेवणे.

वरच्या पायरीवरचे बचाव वापरणाऱ्यांची नोकरी, लग्न, मैत्री आणि मानसिक प्रकृती पुढच्या दशकांत सरस राहिली. बोस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांच्या दुसऱ्या एका दीर्घ अभ्यासातही हेच दिसले. महत्त्वाचे म्हणजे घरची सुबत्ता, शिक्षण किंवा बुद्ध्यांक यांवरून कुणाचे बचाव परिपक्व असतील हे फारसे सांगता येत नव्हते.

या मांडणीला आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. दोन्ही गट पुरुषांचे, एका देशातले, जवळपास एका पिढीतले. शिवाय परिपक्व कशाला म्हणायचे हे ठरवणाऱ्याची संस्कृती त्यात मिसळतेच. एकत्र कुटुंबात मोठ्यांसमोर राग गिळणारी तरुणी व्हेलंट यांच्या तक्त्यात कुठे बसेल? ती संध्याकाळी नवऱ्याशी शांतपणे बोलणार असेल तर वरच्या पायरीवर. वीस वर्षे गिळत राहून तिला अर्धशिशीने पछाडले, तर बऱ्याच खाली. कृती एकच, काळ वेगळा. पायऱ्यांच्या चित्रात हा काळाचा अक्ष नाही.

प्रयोगशाळेत काय टिकले

मनोविश्लेषणावर जुना आरोप असा की त्यातले काही सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. १९९८ साली रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामाजिक मानसशास्त्रातले प्रयोग घेऊन फ्रॉइडच्या बचावांची झडती घेतली. नकार, प्रतिक्रिया निर्मिती आणि विचारापासून भावना तोडणे यांना भरपूर पुरावा मिळाला. लोक आपले दोष दुसऱ्यात पाहतात हेही दिसले, पण त्याने मन खरेच हलके होते की दोष दाबण्याच्या खटपटीत ते आपोआप घडते, याबद्दल शंका राहिली. विस्थापनाचा पुरावा त्यांना तोकडा वाटला. उदात्तीकरणाचा तर सापडलाच नाही. दोनच वर्षांनी विस्थापित रागावरच्या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, आणि एकाचा राग दुसऱ्यावर निघतो हे त्यात पुरेसे ठळक दिसले. वड्याचे तेल पुन्हा वांग्यावर आले.

राग 'बाहेर काढून टाका' हा लोकप्रिय सल्ला मात्र टिकला नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक अधिक चिडके आणि अधिक आक्रमक झाले. काहीच न करता बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा निवळले.

विचार दाबण्याची किंमतही मोजली गेली आहे. डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ साली काही विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले. विचार आलाच तर घंटा वाजवायची. घंटा वाजत राहिल्या. नंतर आता खुशाल विचार करा म्हटल्यावर, आधी बंदी घातलेल्या गटाच्या मनात अस्वल अधिकच येऊ लागले. त्याआधी १९७९ साली डॅनिएल वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी 'मला कसलीच चिंता नाही' असे सांगणाऱ्या लोकांत दोन प्रकार आहेत, हे दाखवले होते. एक खरोखर निश्चिंत. दुसरे असे की तोंडाने शांत, पण ताण देणारे काम दिल्यावर हृदयाचे ठोके, हाताचा घाम आणि कपाळाच्या स्नायूंचा ताण वेगळेच सांगतात. आपल्याला घाबरल्यासारखे वाटत नाही, असे सांगताना ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या मनापर्यंत बातमी पोचतच नव्हती.

बचाव नकळत चालतो, म्हणूनच चालतो. फीबी क्रेमर यांनी मुलांनी रचलेल्या गोष्टींवरून दाखवले की लहानग्यांत नकार जास्त, मोठ्या मुलांत प्रक्षेपण, आणि किशोरवयाच्या शेवटी तादात्म्य. एखाद्या बचावाची खुबी मुलाला कळू लागली की तो बचाव मागे पडतो आणि अधिक गुंतागुंतीचा बचाव त्याची जागा घेतो. लबाडी ओळखता येऊ लागली की ती स्वतःवर चालत नाही.

बिहारचा भूकंप आणि भीतीचे समर्थन

बचाव म्हणजे नेहमी भीती घालवणे असे आपण गृहीत धरतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा उलटे घडले. जमुना प्रसाद यांनी त्या वेळी पसरलेल्या अफवा गोळा केल्या. हादरे जाणवले पण पडझड झाली नाही, अशा ठिकाणी लोक याहून भयानक संकटे येणार असल्याचे एकमेकांना सांगत होते. आणखी मोठा भूकंप, वादळ, पूर. घाबरलेल्या माणसांना अफवा अधिक घाबरवणाऱ्या का लागाव्यात, हे कोडे अमेरिकेत लिऑन फेस्टिंजर यांच्या वाचनात आले. त्यांना सुचलेले उत्तर असे की हादऱ्याने भीती तर बसली, पण आजूबाजूला तिला साजेसे काही दिसेना. तेव्हा मनाने भीतीला शोभेल असे कारण उभे केले. १९५७ सालच्या त्यांच्या बोधनिक विसंवादाच्या, म्हणजे मनातल्या गोष्टींचा एकमेकींशी मेळ न बसण्याच्या, सिद्धान्तामागे हे एक मोठे निमित्त होते. पुढे दार्जिलिंगच्या दरडींनंतर दुर्गानंद सिन्हा यांनी केलेल्या पाहणीत, जिथे खरोखर हानी झाली होती तिथे असल्या अफवा दिसल्या नाहीत. तिथे भीतीला कारण शोधायची गरजच नव्हती.

मनाला सुख हवे असते त्याइतकाच मेळ हवा असतो, हे फ्रॉइडच्या चौकटीत नीट न बसणारे निरीक्षण अशा रीतीने भारतातल्या साहित्यातून वर आले.

नकळत आणि ठरवून

१९८४ साली रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी ताणाशी सामना करण्याचा जो आराखडा मांडला, त्यात भर आहे तो माणूस जाणीवपूर्वक काय करतो यावर. प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न करणे हा एक मार्ग, आणि प्रश्न सुटणारा नसेल तर भावना सावरणे हा दुसरा. कर्ज वेळेवर फेडता येत नसेल तर बँकेत जाऊन बोलणे पहिल्यात येते. गेलेल्या माणसासाठी रडणे, भजनाला जाणे, मैत्रिणीला फोन करणे दुसऱ्यात. दुःखद बातमीवरचे पहिले "छे, शक्यच नाही" मात्र ठरवून आलेले नसते. बचाव आणि सामना यांतला फरक या नकळतपणात आहे.

नकाराच्या नफ्यातोट्यावर लॅझरस यांनी स्वतंत्रपणे लिहिले. काहीच करण्यासारखे नसेल तेव्हा नकार फारसा महाग पडत नाही. काही करण्यासारखे असताना तो महाग पडतो. स्तनातली गाठ हाताला लागूनही महिनोन्महिने कुणाला न सांगणाऱ्या बाईचे उदाहरण इथे लागू पडते. जेरी सल्स आणि बार्बरा फ्लेचर यांनी १९८५ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा टाळणे अल्पकाळात सरस ठरले आणि सामोरे जाणे दीर्घकाळात. सुरुवातीला पाहिलेल्या हृदयरुग्णांची गोष्ट अपवाद नव्हती.

घराने मिळून केलेला बचाव

आपल्याकडे बचाव एकट्या माणसाचा क्वचितच असतो. कर्करोगाचा रिपोर्ट आला की नातेवाईक डॉक्टरांना केबिनबाहेर गाठतात, "बाबांना फक्त गाठ म्हणून सांगा." बाबांना बहुधा कळलेले असते. तेही मुलांसाठी गप्प राहतात. दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळतात आणि शेवटचे बोलायचे राहून जाते. खुद्द फ्रॉइड यांच्या जबड्यात १९२३ साली रोग आढळला, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनीही सुरुवातीला तो कर्करोग असल्याचे लपवले होते, आणि ते कळल्यावर फ्रॉइड दुखावले गेले. त्यानंतरच्या सोळा वर्षांत त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. सिगार मात्र त्यांनी सोडला नाही.

व्यसनात हे घरगुती बचाव सर्वात उघडे पडतात. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत कामाचा मोठा भाग हाच असतो. पिणारा म्हणतो, मी कधीही सोडू शकतो. म्हणतो, स्वतःच्या पैशाने पितो. म्हणतो, ऑफिसचं टेन्शन तुम्हाला काय कळणार. बायको म्हणते, मनाने देवमाणूस आहेत हो, मित्र वाईट आहेत. आई त्याच्या कामावर फोन करून ताप आल्याचे सांगते. प्रत्येकाचे वाक्य त्या दिवसापुरते घर टिकवते, आणि सगळ्यांची मिळून दहा वर्षे जातात. म्हणूनच अशा केंद्रांत उपचार एकट्या रुग्णावर संपत नाहीत, घरच्यांनाही त्यात घेतले जाते. व्हेलंट यांच्या दारूविषयीच्या दीर्घ अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. दारूमुळे आयुष्यात जे दुःख येते, तेच माणूस मागे नेऊन दारूचे कारण म्हणून सांगू लागतो. तरुणपणापासूनच्या नोंदी हाताशी असल्यामुळेच हे ताडून पाहता आले.

संस्थाही घाबरतात

बचाव संस्थेच्या नियमांतही मुरतात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतल्या इझाबेल मेन्झीस यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या एका मोठ्या शिकाऊ इस्पितळातल्या परिचारिकांचा अभ्यास केला. मृत्यू, वेदना, शरीराची घाण आणि रुग्णाविषयीची जवळीक या साऱ्यांतून उठणारी चिंता त्या व्यवस्थेने नियमांत गुंडाळून टाकली होती. एका परिचारिकेला एक रुग्ण पूर्ण न देता अनेक रुग्णांची एकेक कामे वाटून दिली जात. रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने आणि अवयवाने होई. वॉर्ड वारंवार बदलले जात, लहानसहान निर्णय वरच्यांकडे ढकलले जात. यात कुणी दुष्ट नव्हते. पण चिंता जिथल्या तिथे राहिली आणि कामाचे समाधान गेले. शिकाऊ परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश शिक्षण अर्धवट सोडून जात, आणि त्यांत चांगल्या मुली कमी नव्हत्या.

"फाईल वर पाठवली आहे" हे वाक्य ऐकणाऱ्या कुणालाही ही रचना ओळखीची वाटेल. इथेही हिशेब तोच. नियम वापरणाऱ्याची चिंता घटते, आणि तिचा खर्च समोर उभ्या असलेल्या माणसाच्या खात्यावर पडतो.

मग करायचे काय?

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने १९९४ सालच्या आवृत्तीत बचावांची श्रेणी परिशिष्टात घेतली आणि २०१३ सालच्या आवृत्तीतून ती वगळली. निदानाच्या कामी ती तितकीशी रुळली नाही. उपचाराच्या कामी मात्र बचाव रोज समोर येतात, आणि अनुभवी समुपदेशक ते पहिल्याच भेटीत उघडे पाडत नाहीत. बचावाखाली काय आहे ते सोसायची ताकद आली आहे का, हे आधी पाहावे लागते. 'तू सत्याला सामोरा जात नाहीस' असे नुकत्याच विधवा झालेल्या बहिणीला तेराव्याच्या आत सुनावणारा भाऊ अभ्यासात बरोबर आणि माणुसकीत चूक असतो.

उलट टोकाला 'त्याला त्याच्या वेळेने कळेल' म्हणत वर्षे घालवणारे घरही असते. यांच्यामधला मार्ग व्हेलंट यांच्या सर्वात वरच्या पायरीतच आहे. जाणूनबुजून बाजूला ठेवणे आणि नकार यांच्यात बाहेरून फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत माणूस त्या विषयावर बोलत नाही. फरक असतो तो तारखेचा. "आता लग्न पार पडू दे, सोमवारी आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ" असे म्हणणाऱ्याने भीती नाकारलेली नसते, तिला वेळ दिलेली असते. दुसऱ्याचा नकार फोडायच्या फंदात न पडता त्याला अशी तारीख घालून देणे, आणि सोमवार आला की खरोखर सोबत निघणे, हे घरातल्या कुणालाही जमण्यासारखे आहे. मुदत पाळली, तर तोच बचाव औषधासारखा वागतो. ती पाळली गेली नाही, तर त्याचे बिल दुसऱ्याच कुणाला तरी भरावे लागते.